लाईट गेली, आली, पण नॅस उठलाच नाही: काय बघायचं आणि कुठल्या क्रमाने

राउटरच्या शेजारी ठेवलेला दोन-चार हार्डडिस्कचा डबा, म्हणजे नेटवर्कवरून घरातल्या फाईली साठवणारा आपला नॅस, लाईट जाऊन आल्यावर चालूच झाला नाही की पोटात गोळा येतो, कारण त्यात पोरांचे लहानपणीचे फोटो असतात, लग्नाचे व्हिडिओ असतात, वडिलांनी बसून स्कॅन केलेली घराची कागदपत्रं असतात. मग माणूस बटण पुन्हा पुन्हा दाबत बसतो, तरी काही होत नाही म्हणून ड्राइव्ह उपसून लॅपटॉपला लावतो, विंडोज विचारतं फॉरमॅट करू का, आणि घाईघाईत कुणीतरी हो म्हणून टाकतं. खरं नुकसान इथे होतं, लाईट जाण्याने नाही.

म्हणून आधी हे डोक्यात पक्कं करा की डबा चालू न होणं आणि डेटा जाणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेटा ड्राइव्हच्या आतल्या तबकड्यांवर चुंबकीय स्वरूपात बसलेला असतो आणि तिथे टिकून राहायला त्याला वीज लागत नाही. अडॅप्टर गेला, मदरबोर्ड गेला, नुसतं बटण गेलं, तरी बहुतेक वेळा ड्राइव्ह धडधाकट असतात. आज रात्री डबा सुरू झाला नाही तर उद्या होईल, परवा होईल, काही बिघडत नाही.

आणि तो खरंच बंद आहे का हे बघा, कारण बऱ्याच वेळा डबा चालू असतो पण नेटवर्कवर दिसत नाही. लाईट आल्यावर राउटर नव्याने आयपी अॅड्रेस वाटतो, काल ज्या नंबरवर नॅस होता तिथे आज तुमचा फोन बसलेला असतो, आणि लॅपटॉपवरचा जुना शॉर्टकट म्हणतो सापडत नाही. डब्याला हात लावा, पंख्याचा वारा लागतो का, ड्राइव्हची बारीक घरघर येते का, पुढचे दिवे काय करतायत. हे सगळं असेल तर पॉवरचा प्रश्नच नाही, ब्राउझरमध्ये राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन नवा आयपी शोधा. दिवा नुसता लुकलुकत असेल तर थोडा वेळ द्या, कारण अचानक बंद पडलेला नॅस उठताना आपली फाईल सिस्टिम, म्हणजे ड्राइव्हवरची फाईलींची मांडणी, तपासतो आणि मोठ्या ड्राइव्हना त्यात बराच वेळ जाऊ शकतो, ह्या वेळात प्लग खेचणं म्हणजे दुखणं वाढवणं.

दुसरी शक्यता त्याहून साधी. जवळजवळ सगळ्या नॅसमध्ये एक सेटिंग असतं की लाईट परत आली की आपोआप चालू व्हायचं की नाही. ते बंद असेल तर लाईट आल्यावर डबा गप्प बसून राहतो, त्याच्यात काही बिघाड नसतो, बटण एकदा नीट दाबलं की उठतो. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी लाईट जाते, घरातले सगळे ऑफिसला, आणि संध्याकाळी येऊन बघावं तर नॅस मेलेला, अशी गोष्ट ऐकली की मी आधी हेच सेटिंग विचारतो.

आता धरू की बटण दाबलं आणि खरंच काही नाही, दिवा नाही, आवाज नाही. अशा वेळी भिंतीपासून सुरुवात करून आत आत जायचं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे चाललं ते कधीच कळत नाही. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. एक्स्टेन्शन बोर्ड किंवा स्पाइक गार्ड मध्ये असेल तर तो काढून टाका आणि डबा थेट भिंतीला लावा, कारण स्पाइक गार्डचा फ्यूज उडालेला असू शकतो किंवा त्याच्या आतल्या पट्ट्या ढिल्या झालेल्या असू शकतात, प्लग आत जातो पण धरत नाही, आणि नुसता टेस्टर पेटला म्हणून समाधान मानू नका, टेस्टर फक्त फेज दाखवतो, न्यूट्रल तुटला असला तरी तो पेटणारच. अडॅप्टरला भिंतीकडून येणारी केबल सुटी होत असेल तर तीही बदलून बघा, बऱ्याचदा ती कॉम्प्युटरच्या मॉनिटरची असते तीच असते, घरात एखादी सापडते.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते. अडॅप्टर आणि पॉवर सप्लायमध्ये आतच संरक्षण असतं, जास्त करंट गेला किंवा व्होल्टेज वर गेलं की ते आउटपुट तोडून टाकतं आणि काही सप्लाय मग त्याच अवस्थेत अडकून बसतात. भिंतीचा सप्लाय पूर्ण तोडल्याशिवाय ते मोकळे होत नाहीत. म्हणून प्लग काढा, लॅन केबल काढा, मागे यूएसबीला जे काही लटकलंय तेही काढा, डब्याचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलासुरला चार्ज निघून जातो, मग पाच-दहा मिनिटं तसंच ठेवा. नंतर फक्त पॉवर लावून बघा. इतक्यानेच चालू होणारे डबे असतात.

नाही झाला तर अडॅप्टर, आणि मला इथे सावकाश सांगायचंय कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. दोन ड्राइव्हवाल्या बहुतेक छोट्या नॅसना बाहेरून १२ व्होल्टचा अडॅप्टर असतो, लॅपटॉपच्या चार्जरसारखा काळा ठोकळा, त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं १२ व्होल्ट ५ अँपिअर, म्हणजे ६० वॅट. त्यावर छोटा हिरवा दिवा असतो. तो पेटलेला दिसला की लोक म्हणतात अडॅप्टर ठीक आहे, डबाच गेला. पण तो दिवा पेटायला जेमतेम काही मिलिअँपिअर पुरतात, आणि साडेतीन इंची हार्डडिस्क थांबलेल्या अवस्थेतून फिरायला लागते त्या पहिल्या काही सेकंदांत ती एकटी १२ व्होल्टच्या लाइनवर दीड ते दोन अँपिअर ओढते. नुसती फिरत असताना तिला पाच-सात वॅट पुरतात, पण सुरुवातीला वीस-चोवीस वॅट लागतात. दोन ड्राइव्ह एकदम उठले तर पन्नासच्या आसपास वॅट तिथेच गेले, वर मदरबोर्ड आणि पंख्याचे दहा-पंधरा. म्हणजे ६० वॅटचा अडॅप्टर नवा असताना कसाबसा पुरतो, म्हणून तर काही नॅस ड्राइव्ह एकापाठोपाठ एक उठवतात. पाच वर्षं टीव्हीच्या कपाटामागे कोंडलेल्या गरम हवेत पडलेला अडॅप्टर तेवढं कुठून देणार?

पाण्याच्या लाइनचं असंच असतं ना, नळ बंद असताना पाइपात प्रेशर पूर्ण असतं आणि नळ सोडला की करंगळीएवढी धार येते. अडॅप्टरवर लोड नसताना मल्टिमीटर लावला तर तो १२.१ दाखवेल, अगदी छान, आणि डबा लावल्यावर ड्राइव्ह फिरायला लागले की तेच व्होल्टेज नऊ-दहावर येऊन आपटेल. दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत, अडॅप्टर लोड घेत नाही.

ह्याची लक्षणं ओळखता येतात. बटण दाबलं, निळा दिवा लागला, पंखा फिरला, ड्राइव्हनी सुरुवातीचा तो वर चढत जाणारा आवाज काढला, आणि मध्येच टक् असा आवाज येऊन सगळं बंद, मग काही सेकंदांनी परत तेच. किंवा दोन ड्राइव्ह असताना चालू होत नाही पण एक काढला की चालू होतो. किंवा चालू होतो, तासभर चालतो आणि मोठी कॉपी लावली की बंद पडतो. हे दिसलं की नव्वद टक्के वेळा मी तरी आधी अडॅप्टरच धरतो.

मल्टिमीटर असेल तर डीसी व्होल्टच्या २० वाल्या घरात ठेवा, लाल टोक पिनच्या आतल्या भोकात, काळं बाहेरच्या कड्याला, आणि दोन्ही टोकं एकमेकांना चिकटू देऊ नका. १२ चा अडॅप्टर ११.४ ते १२.६ च्या मध्ये असला पाहिजे. शून्य आलं किंवा आठ-नऊ आलं तर निकाल लागला, अडॅप्टर गेला. बारा आलं तर मात्र निकाल लागलेला नाही, वर सांगितलं त्या कारणाने. लोडखाली मोजायचं तर सीसीटीव्हीच्या दुकानात स्क्रूवाली डीसी पिन आणि सॉकेट मिळतं, पिनचं माप जुळत असेल तर ते मध्ये घालून डबा चालू करताना मीटरचा आकडा बघता येतो, ड्राइव्ह उठताना तो किती खाली जातो ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. पण जास्त सोपं म्हणजे तसाच दुसरा अडॅप्टर कुणाकडून तरी अर्ध्या तासासाठी आणणं.

आणि इथे प्लीज, प्लीज काळजी घ्या. पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालतो असं नाही. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर १२ व्होल्टच्या डब्याला लावला तर डबा तर जाईलच, सोबत ड्राइव्हवरची सर्किट पण जाऊ शकतात, म्हणजे जो डेटा सुखरूप होता तो आपणच धोक्यात घातला. व्होल्ट तंतोतंत तेच पाहिजेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर पिनने बसतो पण तो एक-दीड अँपिअरचा असतो, त्याने डब्याचा दिवा लागेल आणि ड्राइव्ह उठणार नाहीत, आणि तुम्ही म्हणाल मदरबोर्ड गेला. लेबलवर गोलात अधिक-उण्याची छोटी खूण असते, अधिक आत आहे की बाहेर ते जुन्या अडॅप्टरशी जुळवा. काही डब्यांना चार काट्यांची गोल पिन असते, ती दिसायला सारखी असली तरी कुठल्या काट्यावर काय येतं हे कंपनीप्रमाणे बदलतं, तिथे तर त्याच मॉडेलचा अडॅप्टर सोडून दुसरं काही लावू नका. नवा घ्यायचा तर लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ढिगाने मिळतात, पण बीआयएसची खूण आणि आर ने सुरू होणारा नोंदणी नंबर लेबलवर आहे का ते बघून घ्या. लेबलवर ५ अँपिअर छापणं सोपं आहे, देणं अवघड आहे.

अडॅप्टर बदलूनही तेच, मग ड्राइव्ह बाहेर काढायचे. हे ऐकून लोक घाबरतात, पण प्लग काढलेला असताना ट्रे बाहेर ओढण्यात काही धोका नाही. फक्त आधी पेन्सिलने किंवा चिकटपट्टीवर नंबर लिहा, कुठला ड्राइव्ह कुठल्या खणातला, फोटोही काढून ठेवा. मग रिकामा डबा चालू करा. रिकामा डबा नीट उठला, दिवे लागले, नेटवर्कवर दिसला, तर एकेक ड्राइव्ह घालत जा, पण दर वेळी डबा बंद करून आणि प्लग काढून, आणि स्क्रीनवर नवीन सेटअप करू का असं विचारलं तर हो म्हणू नका, इथे आपण फक्त पॉवर बघतोय. जो ड्राइव्ह घातल्यावर सगळं आडवं होतं आणि अडॅप्टरचा दिवा लुकलुकायला लागतो तो ड्राइव्ह शॉर्ट आहे. हार्डडिस्कच्या हिरव्या सर्किटवर ५ आणि १२ व्होल्टच्या लाइनला एकेक संरक्षक डायोड असतो, व्होल्टेजचा झटका आला की तो स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्यांना वाचवतो, म्हणजे त्याने आपलं काम केलेलं असतं. असा ड्राइव्ह पुन्हा पुन्हा लावून बघू नका, बाजूला ठेवा, डेटा रिकव्हरीवाल्याकडे हा तुलनेने हलका आजार असतो. दुसऱ्या तशाच ड्राइव्हचं सर्किट काढून लावायचा उद्योग मात्र करू नका, कारण प्रत्येक ड्राइव्हच्या सर्किटवर त्या ड्राइव्हपुरती माहिती भरलेली असते, नुसतं मॉडेल सारखं असून भागत नाही.

रिकामा डबा आणि चांगला अडॅप्टर, तरीही मुडदा, तर मग बिघाड डब्याच्या आत आहे. वॉरंटी असेल तर इथेच थांबा आणि सर्व्हिस सेंटरला द्या, पण ड्राइव्ह स्वतःकडे ठेवून. वॉरंटी संपली असेल तर झाकण उघडून बघण्यासारख्या दोन-तीन गोष्टी आहेत. कॅपॅसिटरची डोकी सपाट आहेत का फुगलेली, कारण त्यातलं रसायन उष्णतेने वाळतं, ढोबळ हिशोब असा सांगतात की दहा अंश तापमान वाढलं की आयुष्य निम्मं, त्यामुळे चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात बंद कपाटात ठेवलेल्या डब्याचं काय होत असेल ते समजून घ्या. काही डब्यांत नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल असतो, सीआर २०३२, तो संपला की घड्याळ विसरतं आणि क्वचित काही बोर्ड उठतच नाहीत, पन्नास-शंभर रुपयांत बदलून बघता येतं. चार-पाच ड्राइव्हच्या मोठ्या डब्यांत पॉवर सप्लाय आतच असतो, पत्र्याच्या पेटीत. ती पेटी बदला, उघडू नका. भिंतीतले २३० व्होल्ट आत गेल्यावर सव्वातीनशे व्होल्ट डीसी होऊन मोठ्या कॅपॅसिटरमध्ये बसतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तिथेच असतात, त्याने जीव जाऊ शकतो.

आणि एक शक्यता अशी की दोष लाईटचा नाही, तुमचा नाही, चिपचा आहे. इंटेलच्या अॅटम सी२००० ह्या प्रोसेसर कुटुंबात असा दोष निघाला होता की आतलं एक घड्याळाचं सिग्नल, म्हणजे कामाला ताल देणारा ठोका, काही काळाने क्षीण होत होत बंद पडतं, आणि ते बंद पडलं की मशीन बूट होऊच शकत नाही. इंटेलने जानेवारी २०१७ मध्ये हे आपल्या कागदपत्रांत नोंदवलं आणि पुढच्याच महिन्यात सिस्को ह्या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीने आपल्या उपकरणांबद्दल सांगितलं की साधारण १८ महिने वापरानंतर हे दिसायला लागू शकतं. घरगुती बाजूला सायनॉलॉजी ह्या नॅस बनवणाऱ्या कंपनीचे डीएस४१५ प्लस, डीएस१५१५ प्लस, डीएस१८१५ प्लस हे डबे ह्याच प्रोसेसरवर होते. ह्याचं लक्षण असं असतं की डबा वर्षानुवर्षं चालू असतो तोवर काही नाही, आणि एखाद्या दिवशी बंद करून चालू केला की निळा दिवा नुसता लुकलुकत राहतो, पुढे सरकतच नाही. म्हणजे लाईट जाणं हे निमित्त, आजार आधीचा. बोर्डावर १०० ओहमचा एक रेझिस्टर योग्य जागी जोडून असे डबे पुन्हा उठवलेले लोक आहेत, पण तो उपाय डेटा काढून घेण्यापुरता समजा, त्यावर पुढची पाच वर्षं काढू नका.

डबा कायमचा गेला असं ठरलं तर डेटा काढायचे दोन रस्ते. सोपा रस्ता म्हणजे त्याच कंपनीचा चालेल असा डबा मिळवणं आणि ड्राइव्ह त्याच क्रमाने त्यात घालणं, बहुतेक वेळा तो जुनी मांडणी ओळखतो आणि स्थलांतर करू का असं विचारतो, आणि तिथेही स्थलांतर निवडायचं, नवीन सेटअप नाही. दुसरा रस्ता लिनक्सचा. बहुतेक नॅस आतून लिनक्सच असतात, ड्राइव्हवर लिनक्सचीच फाईल सिस्टिम असते, म्हणून तर विंडोजला ती कळत नाही आणि ते फॉरमॅटचं विचारतं. पेन ड्राइव्हवरून उबंटू चालू करून, एमडीएडीएम नावाच्या टूलने रेड, म्हणजे अनेक ड्राइव्ह मिळून एक करण्याची मांडणी, जोडून फाईली वाचता येतात, सायनॉलॉजीने तर स्वतःच ह्याची रीत सांगितलेली आहे. काही कंपन्या आपली वेगळी मांडणी वापरतात, तिथे हे चालत नाही. दोन ड्राइव्ह एकमेकांची नक्कल असतील तर एकच ड्राइव्ह पुरतो, रेड ५ असेल तर एक सोडून बाकी सगळे लागतात. साडेतीन इंची ड्राइव्ह साध्या यूएसबी केबलवर उठत नाही, त्याला स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेला डॉक, म्हणजे ड्राइव्ह खोचायचा स्टँड, लागतो. आणि फक्त वाचायच्या परवानगीने उघडा, त्या ड्राइव्हवर काहीही लिहू नका. हे जमेल असं वाटत नसेल तर ओळखीतल्या लिनक्सवाल्याला चहाला बोलवा, ह्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

डबा उठला तर लगेच नेहमीसारखं वापरायला लागू नका. पहिलं काम, सगळ्यात महत्त्वाचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. दोन ड्राइव्ह एकमेकांची नक्कल करतात म्हणून बॅकअप आहे असं समजणारे खूप भेटतात, पण एकाच डब्यात, एकाच अडॅप्टरवर लटकलेले दोन ड्राइव्ह एकाच झटक्यात जाऊ शकतात. कॉपी झाली की मग तपासणी चालवा, ड्राइव्हचा आरोग्य अहवाल बघा.

पुढच्या वेळेसाठी यूपीएस घ्या, ह्याला पर्याय नाही. घरचा इन्व्हर्टर आहे ना असं म्हणतात, पण इन्व्हर्टर लाईट गेल्यावर चालू व्हायला क्षणभर घेतो आणि अडॅप्टर स्वतःच्या साठ्यावर पंधरा-वीस मिलिसेकंदच तग धरतो, जुना असेल तर तेवढाही नाही. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचा खटका असेल तर तो तरी लावा. यूपीएसचा खरा फायदा बॅटरीपेक्षा त्याच्या यूएसबी केबलमध्ये आहे. ती नॅसला जोडली की लाईट गेल्याचं नॅसला कळतं आणि बॅटरी संपायच्या आत तो नीट आवरून बंद होतो. त्यामुळे घेताना यूएसबी आहे का आणि तुमच्या नॅसच्या यादीत ते मॉडेल आहे का एवढं बघा.

आणि लॅनची तार विसरू नका. वळवाच्या पावसात जो झटका येतो तो दर वेळी भिंतीवरच्या विजेच्या बोर्डातूनच येतो असं नाही. जुन्या पद्धतीचं ब्रॉडबँड असेल, गच्चीवरून गच्चीवर तांब्याची लॅन केबल ओढलेली, तर वीज जवळपास पडली तरी त्या केबलमधून झटका राउटरमध्ये आणि तिथून नॅसच्या लॅन पोर्टमध्ये घुसतो, पॉवरच्या बाजूला कितीही चांगलं संरक्षण असलं तरी. फायबर काचेची असते, तिच्यातून हा झटका येत नाही, त्यामुळे शक्य असेल तिथे फायबर घ्या. नसेल तर गडगडायला लागलं की गच्चीवरून येणारी केबल राउटरमधून काढून ठेवा.

यूपीएस लावून झाला की एका रविवारी, कुणी काही कॉपी करत नसताना, यूपीएसचा भिंतीवरचा स्विच बंद करा आणि शेजारी बसून बघा. नॅस स्वतःहून बंद होतो का, स्विच परत लावल्यावर स्वतःहून उठतो का. झाला नाही तर यूएसबी केबल आणि सेटिंग बघा, झाला तर दर सहा महिन्यांनी हेच परत करा, कारण यूपीएसमधली बॅटरी आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन-तीन वर्षांत दम सोडते आणि तोपर्यंत तिचा हिरवा दिवा मात्र पेटलेलाच असतो.